ऋणनिर्देश : पीएच.डी. प्रबंधातील एका दुर्लक्षित पानाची समीक्षा

प्रस्तावना

संशोधन पद्धतीवर मराठीत आता पुष्कळ पुस्तके उपलब्ध आहेत. विषयाची निवड, गृहीतकृत्याची मांडणी, तथ्यसंकलन, संदर्भसूची यांचे मार्गदर्शन त्यांतून मिळते. प्रबंध लिहिणारी व्यक्ती ती चार-सहा वर्षे कशी काढते, तिचे घर कसे चालते, प्रवासाचा आणि टंकलेखनाचा खर्च कोठून येतो, याविषयी मात्र ही पुस्तके सहसा मौन पाळतात. प्रबंधाच्या प्रकरणांतही या गोष्टींना स्थान नसते आणि ते असावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. अपवाद एका पानाचा. प्रमाणपत्र व प्रतिज्ञापत्र यांच्या सोबतीने, अनुक्रमणिकेच्या आधी येणारे 'ऋणनिर्देश' हे ते पान होय. संशोधकाच्या व्यावहारिक आणि कौटुंबिक अडचणींना प्रबंधात प्रवेश मिळतो तो येथेच. परंतु या पानाचे संकेत असे काही घडले आहेत की, तेथे आलेली प्रत्येक अडचण कृतज्ञतेच्या भाषेत विरघळून जाते. कोणी किती सोसले याची नोंद होण्याऐवजी कोणाचे आभार मानले एवढेच उरते. एक लेखनप्रकार म्हणून या पानाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पान कसे लिहिले जाते

अकोल्यातील जठारपेठेत संगणकावर टंकलेखन, झेरॉक्स आणि बाइंडिंग करून देणाऱ्या एखाद्या दुकानात दुपारी तासभर बसल्यास या पानाची जन्मकथा कळते. पाच-सहा प्रकरणे टंकित होऊन दोनदा-तीनदा तपासून झालेली असतात. संशोधक बहुधा नोकरीतील किंवा तासिका तत्त्वावरील प्राध्यापक असतो. महाविद्यालयातील तास आटोपून तो आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून अमरावतीला जावयाचे असते, त्यापूर्वी मार्गदर्शकांच्या स्वाक्षऱ्या व्हावयाच्या असतात, आणि नेमके तेव्हा ध्यानात येते की ऋणनिर्देश लिहायचा राहिला. टंकलेखक मान वर न करता विचारतो, "मागच्या मॅडमचा काढू का, सर? नावं तेवढे बदलून घ्या."

या प्रश्नात नियमबाह्य असे काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये विनियम लागू केले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे साम्याच्या प्रमाणानुसार कारवाई, अशी त्यांची रचना आहे. या साम्यतपासणीतून जे भाग वगळले आहेत, त्यांत संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना यांच्यासोबत ऋणनिर्देशाचाही समावेश आहे. म्हणजे संपूर्ण प्रबंधात जे पान सर्वांत वैयक्तिक असावयास हवे, तेच दुसऱ्याचे जसेच्या तसे उतरवून घेण्याची मोकळीक आहे. नियम करणाऱ्यांना या पानाचे साचेबंद स्वरूप ठाऊक असावे, असेच यावरून म्हणावे लागते.

साचा परिचयाचा आहे. प्रारंभी मार्गदर्शक, त्यांच्यासाठी 'ऋषितुल्य', 'ज्ञानतपस्वी' यांसारखी विशेषणे. नंतर प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष व सचिव. (संशोधक खाजगी संस्थेत नोकरीस असल्यास अध्यक्ष कधी कधी मार्गदर्शकांच्याही आधी येतात. याचे कारण महाविद्यालयीन वाचकांना सांगावयास नको.) त्यानंतर ग्रंथपाल, सहकारी, आईवडील, सासूसासरे, पती किंवा पत्नी, मुले, मित्र आणि अखेरीस टंकलेखक व 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक'. प्रत्येकासाठी वाक्ये ठरलेली. मार्गदर्शकांचे आभार 'शब्दांत मानता येणार नाहीत', आईवडिलांचे मानणे म्हणजे 'औपचारिकता ठरेल', पत्नीचे 'मोलाचे सहकार्य लाभले', मुलांच्या वाट्याचा वेळ 'हिरावून घेतला गेला', आणि या सर्वांच्या 'ऋणातच राहणे' संशोधक पसंत करतो.

या शेवटच्या वाक्याशी थोडे थांबणे आवश्यक आहे.

ऋण आणि कर्ज

ज्या वऱ्हाडात सावकारी पाश, सोसायटीची थकबाकी आणि सातबाऱ्यावरील बोजा हे शब्द घराघरांत ऐकू येतात, त्या प्रदेशात ऋणात राहणे पसंत करणारा मनुष्य प्रबंधाच्या पानाबाहेर भेटणे कठीण. कपाशी-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरातून आलेला संशोधक 'ऋण' हा शब्द लिहितो, तेव्हा त्याच्या घरातला 'कर्ज' हा शब्द तो मागे ठेवून येतो. एक संस्कृत शब्द येथे मोठे काम करतो. नोंदणी शुल्क, अमरावतीच्या फेऱ्या, संदर्भासाठी पुणे-मुंबई-नागपूरचा प्रवास, संशोधनपत्रिकांचे प्रकाशन शुल्क, टंकलेखन, पाच-सहा प्रतींचे बाइंडिंग यांसाठी कोणाकडून तरी पैसे घेतलेले असतात. पण ते पैसे ऋणनिर्देशात 'प्रेरणा' होऊन येतात.

या पानाची रचना भारतीय परंपरेतील ऋणत्रयाच्या कल्पनेवर उभी आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. मार्गदर्शक 'ऋषितुल्य' होतो तो या चौकटीमुळेच. आईवडिलांना पितृऋणाची जागा तयारच असते. ग्रामदैवत किंवा कुलदैवत पहिल्या ओळीत येते. परंतु या तीन ऋणांत पत्नीच्या किंवा पतीच्या ऋणाला नाव नाही. ज्या व्यक्तीच्या श्रमावर प्रबंध प्रत्यक्षात उभा राहतो, तिच्यासाठी परंपरेने शब्दच पुरविलेला नाही. म्हणून तिथे 'सहकार्य' येते, 'त्याग' येतो. 'ऋण' हा शब्द आला तरी तो सर्वांसाठी मिळून एकदाच. साचेबंदपणाचा दोष केवळ संशोधकाच्या आळसावर ढकलता येत नाही, तो या चौकटीचाही आहे.

वऱ्हाडच्याच दोन पूर्वसूरींची उदाहरणे येथे उपयुक्त ठरतात. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ त्यापूर्वीच, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. पुढे ज्ञानकोशाच्या कामाचा लेखाजोखा त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहून मांडला. ज्ञानव्यवहाराला पैसा, माणसे आणि वर्षे लागतात, ही गोष्ट छापील शब्दांत मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा मराठीत विरळाच. तरीही त्या घराची बाजू कळण्यासाठी शीलवतीबाई केतकर यांना निराळे आत्मकथन लिहावे लागले. 'मीच हे सांगितलं पाहिजे' हे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. विद्वानाच्या ग्रंथात जे मावत नाही ते सांगण्याची जबाबदारी कोणावर येऊन पडते, याचे उत्तर त्यातील 'मीच' या शब्दात आहे.

दुसरे उदाहरण पंजाबराव देशमुख यांचे. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी १८९८ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव १९२० मध्ये विलायतेस गेले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा विषय घेऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तो ग्रंथ १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला. मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी शेतीवर कर्ज उचलल्याची हकीकत वऱ्हाडात अजूनही सांगितली जाते. ज्या वर्षी वैदिक धर्मावरील ग्रंथ निघाला, त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवाद कायदा आला आणि त्या कायद्याशीही पंजाबरावांचेच नाव जोडलेले आहे. चरित्रकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. विलायतेतील विद्यार्थी आणि प्रांताचा मंत्री एकाच कर्जदार घरातून आला होता, हे त्यामुळे नजरेआड होते.

तीन अर्पणपत्रिका

या संदर्भात सर्वाधिक विचारार्ह उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. संशोधक विद्यार्थ्याच्या जवळजवळ सर्व अडचणी त्यांच्या १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत एकवटलेल्या दिसतात. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन, परतल्यावर संस्थानची १० वर्षे नोकरी करण्याच्या करारावर, ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाला त्यांनी १९१६ मध्ये प्रबंध सादर केला. परंतु मुद्रित प्रती दिल्याखेरीज पदवी प्रदान करावयाची नाही असा तेथील नियम असल्याने पीएच.डी. प्रत्यक्षात मिळाली ती १९२७ मध्ये. मधली ११ वर्षे! आज प्रबंध सादर केल्यानंतर मौखिकीची वाट पाहणाऱ्या संशोधकाला ही संख्या फारशी अपरिचित वाटणार नाही, एवढेच काय ते.

लंडनमधील अभ्यास अर्धवट असताना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवून ते भारतात परतले. वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान व ग्रंथ ते जहाज टॉर्पेडोने बुडाल्यामुळे समुद्रात गेले. बडोद्यात करारानुसार नोकरी पत्करली, तेव्हा अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचविले. पैसे संपत आल्याने त्यांना मुंबईला परतावे लागले आणि सुधारित प्रबंध येथूनच पाठवावा लागला. डी.एस्सी. पदवी १९२३ च्या अखेरीस मिळाली.

ही सारी हकीकत चरित्रांतून कळते. प्रबंधांतून जे कळते ते अर्पणपत्रिकांतून. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथ, म्हणजेच कोलंबियाचा प्रबंध, शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केला. पितृऋण आणि आश्रयदात्याचे ऋण अशी दोन ऋणे येथे फिटली. ज्या रमाबाईंनी ही दहा वर्षे मुंबईत ओढाताणीत, आजारपणे आणि मृत्यू सोसत संसार चालविला, त्यांना अर्पणपत्रिका मिळाली ती १९४० मध्ये, 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाची. रमाबाईंचे निधन १९३५ मध्येच झाले होते.

या तिसऱ्या अर्पणपत्रिकेची भाषा पहिल्या दोहोंहून वेगळी आहे. रमाबाईंच्या स्वभावगुणांचा उल्लेख करून ती तेथे थांबत नाही. मित्रहीनता, अभाव आणि चिंता यांचे ते दिवस होते असे ती स्पष्ट सांगते, आणि आपल्यासोबत सोसण्याची तयारी रमाबाईंनी दाखविली असे नोंदवते. 'सहकार्य' या शब्दाने जे झाकले जाते ते येथे उघड केले आहे. अभाव होता, सोसणे होते, आणि ते दोघांचे होते. मराठी संशोधकाच्या ऋणनिर्देशासमोर ठेवावा असा हा नमुना आहे. परंतु तो प्रबंधात नाही, पदवी मिळून १७ वर्षे झाल्यावर, पदवीशी संबंध नसलेल्या ग्रंथात आहे. प्रबंधाच्या काळात तो लिहिला गेला नाही यात व्यक्तीचा दोष पाहण्याचे कारण नाही. त्या प्रकारच्या ग्रंथात त्या काळी काय लिहिता येते याची मर्यादा मात्र यातून दिसते. ती मर्यादा आजही फारशी हललेली नाही.

ललित साहित्याने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक आहे. मोहेनजोदडोच्या उत्खननात गुंतलेल्या खंडेरावला वडिलांच्या गंभीर आजाराचे वृत्त कळते आणि तो मोरगावची वाट धरतो. संशोधन आणि घर यांतील ओढ ही त्या कादंबरीची केवळ सुरुवात नसून तिचा कणा आहे; शेतकरी घरातील मुलाला ज्ञानव्यवहारासाठी काय मागे सोडावे लागते याचे इतके सविस्तर चित्रण मराठीत अन्यत्र क्वचितच आढळेल. तथापि खंडेरावला संशोधनाच्या जागेवर जाण्याची मोकळीक तरी मिळाली होती. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) विवाहानंतर, नोकरी आणि मुले सांभाळून एम.ए. करणारी स्त्री दिसते, आणि तिच्या शिक्षणामुळे घरात निर्माण होणारा ताणही दिसतो. तिथे प्रश्न पदव्युत्तर पदवीचा आहे, पीएच.डी.च्या बाबतीत तो सौम्य होतो असे मानण्यास आधार नाही. 'पतीच्या प्रोत्साहनामुळेच हे शक्य झाले' हे ऋणनिर्देशातील वाक्य 'आयदान' वाचल्यानंतर पूर्वीसारखे वाचता येत नाही.

वाचक कोण?

कोणत्याही लेखनाची समीक्षा करताना ते कोणासाठी लिहिले आहे हे पाहावे लागते. ऋणनिर्देशाचा पहिला वाचक मार्गदर्शक असतो, ज्यांची स्वाक्षरी प्रमाणपत्रावर व्हावयाची असते. दुसरा वाचक प्राचार्य किंवा संस्थाचालक, ज्यांच्याकडून ना हरकत प्रमाणपत्र घेतलेले असते आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला पुढील वर्षीही त्यांच्याच दारी जावयाचे असते. तिसरा वाचक बहिःस्थ परीक्षक. घरची माणसे चौथ्या क्रमांकावर, आणि त्यांपैकी सर्वांनाच ते पान वाचता येते असेही नाही. असा वाचकवर्ग समोर असताना खरे लिहिण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणूनच 'मार्गदर्शकांनी वेळोवेळी बहुमोल वेळ दिला' या वाक्यावरून काहीही सिद्ध होत नाही, वेळ दिलेला असो वा नसो.

येथे असा आक्षेप येऊ शकतो की, ऋणनिर्देश हा शिष्टाचाराचा भाग आहे. लग्नपत्रिकेतील 'आपले नम्र' या शब्दांची जशी चिकित्सा करू नये, तशी याचीही करू नये. आक्षेपात तथ्य आहे. आभार मानणे ही चांगली रीत आहे आणि ती साच्यातून आली म्हणून खोटी ठरत नाही. परंतु लग्नपत्रिका जतन होत नाही, प्रबंध होतो. शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात प्रबंध प्रकरणवार धारिकांत ठेवला जातो आणि त्यात ऋणनिर्देशाचीही बहुधा स्वतंत्र धारिका असते. शंभर वर्षांनंतर विदर्भातील उच्च शिक्षणाचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्याला हीच पाने उपलब्ध असतील. त्यातही मराठी प्रबंधांपैकी पुष्कळसे कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या टंकांत जुळविलेले. पान डोळ्यांनी वाचता येते, पण त्यातील नाव शोधपेटीत टाकले तर सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर अक्षरांचा नुसता कचरा हाती येतो. (जठारपेठेतील टंकलेखकाला युनिकोडचा आग्रह धरणारे संशोधक आता भेटू लागले आहेत; मात्र जुनी प्रकरणे परत जुळविण्याचे पैसे वेगळे पडतात.)

सार्वजनिक चर्चेतही संशोधकाच्या वर्षांची किंमत फारशी कळलेली दिसत नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे ज्या घरांतून पूर्वी कोणी विद्यापीठाची पायरी चढले नव्हते अशा घरांतील मुलेमुली संशोधनाकडे वळली. बार्टीच्या विद्यार्थ्यांना सरसकट अधिछात्रवृत्तीच्या मागणीसाठी २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घकाळ धरणे धरावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न केला आणि त्यावर वाद झाला. प्रश्न अनुदार होता. मात्र प्राध्यापकवर्गाने त्यावर रोष व्यक्त करताना हेही पाहावयास हवे होते की, पीएच.डी.ची वर्षे नेमकी कशात जातात हे समाजाला सांगणारे लेखन आपण केलेले नाही. जे एक पान त्यासाठी उपलब्ध होते ते 'ज्ञात-अज्ञात हितचिंतकांना' देऊन टाकले.

विशेष असे की, या बाबतीत नियमावली ऋणनिर्देशाहून अधिक स्पष्टवक्ती आहे. आयोगाच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या विनियमांत पीएच.डी.साठी कमाल ६ वर्षांची मुदत ठरविताना स्त्री संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना २ वर्षांची सवलत दिली आहे. स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही दिली आहे. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केले. त्यामुळे संशोधनाची सवय लावणारी मधली पायरी गेली आणि नोकरी करून शिकणाऱ्यावर सगळा भार एकदम आला, हा भाग निराळा. पण स्त्रीला जास्त वेळ लागतो, तो घरामुळे लागतो, आणि तो आकड्यात मोजता येतो, हे सरकारी राजपत्राने मान्य केले. त्या रजेवर असताना दुसरे किंवा तिसरे प्रकरण लिहिणारी संशोधिका अनेक महाविद्यालयांच्या परिचयाची आहे. तिच्या ऋणनिर्देशात २४० हा आकडा येत नाही, रजा येत नाही, रात्री मूल निजल्यावर लिहिलेली पाने येत नाहीत. 'चि.ने आईविना राहण्याची सवय करून घेतली' असे एक वाक्य येते, आणि त्याखाली स्थळ : अकोला, दिनांक, स्वाक्षरी.